खटका

पिह्लाने उन्हाळाभर दलदलीत वाकून
बादल्या-बादल्यांनी पिवळी बेरी वेचली,
एकोणचाळीस युरो जमवले,
आणि काल त्यांचं कॉन्व्हेअर घेतलं.
जुनं, दोन इंजिनांचं प्रवासी विमान. संगणकात राहणारं.
दोन तासांच्या आत परत केलं तर पैसे परत.
"अर्मासकाका, तुम्ही सांगा. ठेवू की देऊ?"

म्हणून केमीतल्या या स्वयंपाकघरात
कॉफीची किटली बाजूला सारून
पंचेचाळीस वर्षांनी मी पुन्हा
डाव्या इंजिनासमोर उभा.
म्हणजे बसलेला. पायात लोकरी मोजे.

आधी बाहेरून फेरी.
रंग ठीक. निळा पट्टा जरा जास्तच निळा.
चाकं आत्ताच न्हाऊमाखू घातल्यासारखी.
आणि पंखाखाली, बर्फावर, तेलाचा एक थेंब नाही.
पिह्ला, लिही:
आमच्या हँगरमध्ये थेंब दिसला नाही
की आम्ही घाबरायचो.

आता कॉकपिट.
उजव्या इंजिनाचा काटा किंचित थरथरतो,
डावा नाही.
हे यांना कुणी सांगितलं?
कुणीतरी तिथे बसलं असणार, एखाद्या संग्रहालयात,
मांडीवर वही घेऊन, नाक गळत असताना.
याला एक गुण जास्त दे.

बाहेर उणे एकतीस, मीच ठेवायला लावलेले.
पाती मोजली, मॅग्नेटो लावला,
आणि इंजिन पहिल्या हाकेला उठलं,
शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखं.
उणे एकतीसला!
आम्ही त्याच्या तोंडावर ताडपत्री बांधायचो,
गरम हवेची सोंड आत खुपसायचो,
तौनो त्याच्या आईबद्दल काहीबाही बोलायचा,
मग कुठे ते खोकायचं.
दोन गुण काप.

आवाज?
आवाज चांगला आहे.
आमचा छातीत ऐकू यायचा, हा कानात येतो.
त्याला ते बिचारे काय करणार. कापू नकोस.

उडवलं पिह्लानेच. मी वैमानिक नव्हतो कधी,
मी काटे बघत राहिलो.
ओउलूला तीनदा उसळून टेकलं.
कॅप्टन हाल्मेंपेक्षा दोनदा कमी,
पण हे लिहायचं नाही.

मग इंजिनं बंद करायची वेळ झाली
आणि वरच्या पट्टीवर मला तो दिसला.
तेल पातळ करायचा खटका.

आमच्याकडे रात्री तेल गोठून डांबर व्हायचं.
म्हणून बंद करण्याआधी, इंजिन हळू चालू ठेवून,
हा खटका दाबून धरायचा. चार मिनिटं.
तेलात थोडं पेट्रोल उतरायचं,
दाबाचा काटा हळूहळू खाली यायचा,
बोटं बधिर व्हायची,
आणि सकाळी, कदाचित, ते उठायचं.
दिवसाचं शेवटचं काम. सगळे घरी गेलेले.

मी दाबला.
काटा हलला नाही.
नुसतं चित्र. खटका काढलाय, खाली काही जोडलेलं नाही.

अर्थात. कशाला जोडतील?
या विमानाला रात्र काढायची नसते.
पडदा मिटला की ते कुठेच नसतं,
आणि उघडला की पुन्हा तसंच, गरम, धुतलेलं.
याला उद्या नाही.

"काय झालं?" पिह्ला म्हणाली.
"खोटा आहे."
"मग परत करू? अजून तीन मिनिटं आहेत."

मी माउसवरचं बोट उचललं नव्हतं.
कसं कोण जाणे, ते बोट आपणहून मोजत होतं.
एक मिनिट. खिडकीत बर्फ उतरत होता.
दोन. पिह्लाने घड्याळ पाहिलं, मग माझ्या हाताकडे.
तीन.
काटा जिथल्या तिथे.
चार.

तेव्हा मी सोडला, आणि इंजिनं बंद केली,
आधी डावं, मग उजवं.

"दोन तास एक मिनिट," ती म्हणाली.
रागावली नव्हती.
कागद पुढे ओढून तिने सगळ्यात खाली लिहिलं:
खटका चालत नाही. दुरुस्त करा.
मग मला विचारलं,
पेट्रोल किती टक्के?